बद्द वाजलेला रुपया

तो रुपया फरशीवर आपटू नकोस, नंदू. इकडे दे. आजीच्या डब्यात सापडला म्हणतोस ना, मग उद्या सकाळी सराफाकडे घेऊन जा. तो काट्यावर घालेल, कसोटीवर घासेल आणि दोन मिनिटांत सांगेल, चांदी खरी का खोटी ते. पण नुसता वाजवून कुणी सांगायला लागला तर तिथून उठून ये. आणि रात्रीचा तर वाजवूच नकोस.

का, ते तू विचारणारच. क्षमा, मेणबत्ती जरा वाऱ्यातून बाजूला घे. आज मुलुंडला दहाच्या आत काही लाइट येत नाहीत. सांगतो. यातलं अर्धं माझ्या डोळ्यांसमोर झालंय. उरलेलं अर्धं ज्याच्यावर गुदरलं त्याच्या तोंडून ऐकलंय, दुसऱ्याच दिवशी सकाळी. तो मनुष्य गोष्टी रचून सांगणाऱ्यातला नव्हता. जयवंत त्याचं नाव.

त्र्याऐंशी साल. तेव्हा मी घाटकोपर वेस्टला घड्याळं दुरुस्त करायला बसायचो. एका सराफाच्या दुकानाबाहेर दोन टेबलं मांडलेली असायची. डावीकडे माझं, उजवीकडे जयवंतचं. जयवंत आधी गिरणीत होता. संपात गिरणी गेली ती गेलीच. पण त्याचा बाप कुर्ल्याला एका पेढीवर नाणी पारखायला बसायचा, त्याने पोराला ती विद्या शिकवून ठेवली होती. ती आता कामी आली. जुनी चांदी, जुनी नाणी कुणी आणली की मालक त्याला जयवंतकडे पाठवायचे.

त्याच्यापुढे काळ्या दगडाची एक लादी असायची. बापाची. रुपया अंगठ्यावर उडवायचा, लादीवर पडू द्यायचा आणि कान द्यायचा. खरी चांदी खणखणते, तो आवाज लांबत जातो. खोटं नाणं बद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं. जवळ काटा होता, तेजाबाची बाटली होती, पण तो त्यांना हात लावायचा नाही. म्हणायचा, "काशीराम, तुला घड्याळ उघडून बघावं लागतं. मला नुसतं ऐकलं की पुरतं." लोकांना त्याचं मोठं कौतुक होतं. खरं सांगायचं तर मलाही होतं.

दिवाळीच्या आधीचा बुधवार. दोन नोव्हेंबर. संध्याकाळी सात वाजून गेले होते. शुक्रवारी लक्ष्मीपूजन, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत दोन बायका जयवंतच्या टेबलाशी आल्या. एक पन्नाशीची, रत्नप्रभाबाई. मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. मुलगा ऑफिसात चांगल्या नोकरीवर, घर चांगलं. दुसरी त्यांची सून, उत्तरा. लग्नाला चार महिने झाले असतील नसतील. वीस-एकवीस वर्षांची पोर, गोवंडीची.

रत्नप्रभाबाईंनी रुमालातून राणीछाप रुपया काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा बघा हो जरा. सासऱ्यांच्या वेळेपासून पूजेत आहे आमच्या. काल हिने चिंच लावून घासायला घेतला आणि आज मला वेगळाच दिसतोय. आमचा रुपया असा नव्हता."

"आई, तोच आहे," उत्तरा म्हणाली. हळूच म्हणाली.

"ते हे सांगतील."

म्हणजे प्रकरण काय, ते आम्हाला तिथंच कळलं. सुनेने घरातला रुपया माहेरी पोचवला आणि खोटा आणून ठेवला, असा आळ होता.

जयवंतने रुपया उडवला. लादीवर पडला... बद्द.

"खोटा," तो म्हणाला. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा.

उत्तरा हलली नाही. "परत एकदा वाजवा."

"बाई, एकदा वाजवला की कळतं. माझा कान चुकत नाही."

"वजन करून बघा ना. काटा आहे तुमच्याकडे."

"गर्दी बघताय ना."

ती सासूकडे बघतच नव्हती. जयवंतकडे बघत होती. म्हणाली, "नीट बघून सांगा. मला त्या घरात परत जायचंय."

क्षमा, हे वाक्य मी अजून विसरलो नाही. पण तेव्हा मीही काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. कारण तो रुपया लादीवरून घरंगळत माझ्या टेबलाकडे आला होता आणि मीच तो उचलून दिला होता. देताना त्याच्या कडेला माझं नख कशाला तरी अडकलं. केसाएवढं काहीतरी. माझ्या हातात भिंग होतं. मी म्हटलं, आपलं काम नाही. आणि मान खाली घालून कुणाच्या तरी घड्याळाचा काटा बसवत राहिलो.

शुक्रवारी, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, उत्तरा जळून गेली.

स्टोव्ह भडकला म्हणाले. रत्नप्रभाबाई तेच म्हणाल्या, मुलगा तेच म्हणाला. गल्लीतले लोक दुसरंही काही म्हणत होते, पण दार लावून. तिने स्वतः केलं, का कुणी केलं, का खरंच स्टोव्ह होता, मला माहीत नाही. मी जे पाहिलं नाही ते सांगणार नाही.

तेरावा झाल्यावर रत्नप्रभाबाई एकट्या आल्या. तो रुपया कागदात गुंडाळून जयवंतच्या टेबलावर टाकला. "मला हा घरात नको. वितळवा, फेका, काय वाटेल ते करा." आणि गेल्या.

दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. माझं मन खात होतंच. मी रुपया घेतला, डोळ्याला भिंग लावलं. कडेच्या दात्यांमध्ये एक चीर होती. केसासारखी, पण चांगली खोल. कधीकाळी कुठे तरी जोरात आपटला असणार. मी म्हटलं, "जयवंत, हे बघ. हा तडकलेला आहे. तडकलेली चांदी वाजेल का?"

त्याचा चेहरा उतरला. त्याने काटा काढला. वजन बरोबर एक तोळा. मग कानस घेतली, कडेला जरासं घासलं आणि तेजाबाचा थेंब सोडला. खोटी असती तर थेंब हिरवा पडला असता. पडला नाही. आतपर्यंत पांढरी स्वच्छ चांदी होती.

त्याने रुपया पुसून ड्रॉवरमध्ये टाकला. मग तो म्हणाला, "कुणाला बोलू नकोस, काशीराम."

इथपर्यंत चूक होती. माणसाच्या हातून चूक होते. पण पुढे काय झालं ते ऐका.

नोव्हेंबरच्या शेवटी एक म्हातारा आला. मळकट पांढरी टोपी, हातात पिशवी. गुणाजी. उत्तराचा बाप. मालवणकडचा मनुष्य, तोही गिरणीतलाच. जयवंतसमोर उभा राहिला. रागावला नाही, ओरडला नाही. हात जोडले.

"माझा चेडू गेला. ता काय आता परत येवचा नाय. पण चोरीचो आळ घेऊन गेला. तो रुपयो खरो होतो की खोटो, तेवढा माका सांगा."

रुपया जयवंतच्या ड्रॉवरमध्ये होता. त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. जयवंतने माझ्याकडे पाहिलं, दुकानातल्या मालकाकडे पाहिलं, समोर उभ्या दोन गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

"खोटा होता, बाबा," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली आणि निघून गेला. मी त्याच्या मागे दहा पावलं गेलो. मग परत आलो. असा मी.

त्या संध्याकाळपासून जयवंतला नाणं वाजेनासं झालं. म्हणजे वाजायचं, पण त्याला सगळं बद्द ऐकू यायचं. राणीचा रुपया टाक, पंचम जॉर्जचा टाक, त्याला सगळे फुटके. मी त्याच्याच लादीवर तेच रुपये वाजवले, छान खणखणले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. देवळात घंटा वाजली की म्हणायचा, "तडकलीय." मी म्हटलं, कानात मळ असेल, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, "माणसांची बोलणी नीट ऐकू येतात रे. नुसतं हेच नाही येत."

आता ती रात्र. चार डिसेंबर, रविवार. अमावास्या. ती जाऊन बरोबर महिना झाला होता, पण ते आमच्या कुणाच्या ध्यानात नव्हतं.

जयवंत भांडुपला टेकडीवरच्या चाळीत राहायचा. एकच खोली, शेवटची. बायको मालन त्या दिवशी बहिणीकडे कुर्ल्याला गेली होती. जयवंतने तो रुपया शनिवारीच घरी आणला होता. सोमवारी जाऊन ठाण्याच्या खाडीत टाकायचा, असं त्याने ठरवलं होतं. लोखंडी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला, वर कुलूप घातलं. जेवला, दाराला आतून कडी घातली आणि खाटेवर आडवा झाला.

एक वाजून वीस मिनिटांनी त्याला जाग आली. वेळ त्याने बघितली होती.

खाली फरशीवर काहीतरी पडलं होतं.

बद्द.

त्याला वाटलं, उंदराने डबा पाडला. दिवा लावला. खोलीच्या मधोमध रुपया पडला होता. ट्रंकेला कुलूप तसंच. किल्ली त्याच्या जानव्या... नाही, जानवं नव्हतं त्याला, गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला होती. त्याने ट्रंक उघडली, रुपया परत ठेवला, कुलूप लावलं, ओढून बघितलं. दिवा तसाच ठेवला आणि खाटेवर बसला.

थोडा वेळ काही नाही. टेकडीवर कुत्री असतात, रात्रभर भुंकतात. त्या रात्री एकही नाही.

मग रॉकेलचा वास आला. आधी मंद. त्याने स्टोव्ह बघितला, कोरडा होता. वास वाढला.

बद्द.

रुपया परत फरशीवर. त्याच जागी. आणि दिवा चालू असताना तो कुठून पडला, ते त्याने पाहिलं नव्हतं. तो तिकडेच बघत होता, तरी पाहिलं नव्हतं.

दारावर टकटक झाली नाही. कुणी कडी वाजवली नाही. नुसता आवाज आला. बाईचा. हळू.

"परत एकदा वाजवा."

जयवंत दाराकडे तोंड करून खाली बसला. मला म्हणाला, ओरडावं असं मनातसुद्धा आलं नाही, कारण आवाजात राग असा नव्हता. रुपया दाखवायला आलेल्या बाईचा असतो तसाच आवाज होता.

"वाजवा."

त्याने रुपया उचलला. गरम होता. उडवला. पडला.

बद्द.

"खरा... की खोटा?"

त्याने सांगितलं, "खरा."

शांतता. बराच वेळ. त्याला वाटलं, सुटलो.

"मला काय सांगता? मला माहीतच होतं."

...

"वाजवा."

त्याने परत वाजवला. परत विचारलं. परत सांगितलं. खरा. मग परत. दोन वाजले, तीन वाजले. तो रडायला लागला. म्हणाला, चूक झाली, पोरी. तिने ऐकलंच नाही. म्हणाला, सकाळी तुझ्या बापाला सांगतो, शपथेवर सांगतो. तेव्हा ती थांबली. आणि पहिल्यांदाच आवाज बदलला, असं तो म्हणाला. जवळ आला. दार मध्ये असल्यासारखा राहिलाच नाही.

"सांगा ना."

...

"जमलं तर सांगा."

साडेचारला चाळीत नळाला पाणी आलं. बायका हंडे घेऊन उठल्या. तेव्हा कुठे आवाज थांबला. शेजारच्यांनी मला नंतर सांगितलं, रात्रभर जयवंत एकटाच बोलत होता. "खरा. खरा. खरा." दुसरं कुणाचं काही ऐकू आलं नाही त्यांना. त्यांना वाटलं, प्यायला असेल.

सोमवारी सकाळी तो माझ्या टेबलाशी आला. दाढी वाढलेली, बोटांची टोकं भाजल्यासारखी लाल. हे सगळं सांगितलं. मी घड्याळांची पेटी बंद केली. म्हटलं, "चल. आत्ताच्या आत्ता गोवंडीला."

बसने गेलो. वाटेत तो ओठातल्या ओठात पाठ करत होता. "बाबा, रुपया खरा होता. बाबा, रुपया खरा होता." शाळेतलं पोर करतं तसं.

गुणाजी दारातच बसला होता. जयवंत त्याच्यासमोर उकिडवा बसला, त्याचे पाय धरले, वर पाहिलं.

"बाबा, रुपया खोटा होता."

तो स्वतःच दचकला. परत बोलला. "खोटा होता." घाम फुटला त्याला. माझ्याकडे वळला, डोळे असे झालेले, आणि माझ्याशी बोलायला गेला तर तेच. "खोटा... खोटा." हाताने तोंड दाबून धरलं त्याने.

तेव्हा मी बोललो. एका महिन्याने बोललो. "गुणाजीबाबा, रुपया खरा होता. मी भिंगातून पाहिलाय. वजन केलंय, तेजाब टाकलंय. तडा गेला होता म्हणून वाजला नाही. तुमच्या पोरीने चोरी केली नव्हती. हे आम्हाला तुम्ही आलात त्या दिवशीही माहीत होतं."

वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो नुसता उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "ह्याच बोलणा त्यांच्या दारात बोला."

आम्ही तिघं घाटकोपरला त्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. रत्नप्रभाबाईंनी दार उघडलं. मी सगळं परत सांगितलं, मोठ्याने सांगितलं. शेजारची दारं उघडली, माणसं बाहेर येऊन उभी राहिली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गेलेल्या माणसाला आता काय त्याचं?" आणि दार लावलं.

गुणाजी बंद दाराला म्हणाला, "तिका नसात. माका आसा." जयवंतच्या हातातून रुपया घेतला आणि उंबऱ्यावर ठेवला. "तुमचो रुपयो तुमच्या दारात." आणि जिना उतरून गेला. आमच्याकडे मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जयवंत नंतर मुंबईत राहिला नाही. मालनवहिनी त्याला गावी घेऊन गेली. बोलायचा, जेवायचा, पण खरा-खरी-खरं हा शब्द कधीच त्याच्या तोंडून आला नाही. पुढल्या शिमग्याला वारला. काय झालं ते डॉक्टरला सांगता आलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारी संध्याकाळचं. मी त्याला भांडुपला सोडायला गेलो. मालनवहिनी कुर्ल्याहून परत आली होती आणि खोलीबाहेर उभी होती. आत जात नव्हती. मी विचारलं, काय झालं वहिनी? तिने नुसतं बोट दाखवलं.

खाटेच्या उशाशी भिंतीत एक लहान खिडकी होती. लोखंडी गजांची. गज वर-खाली दोन्हीकडे चौकटीत पक्के गाडलेले, चाळ बांधली तेव्हापासूनचे. मधल्या गजात एक बांगडी ओवलेली होती. काचेची, हिरवी. नव्या नवरीच्या हातात असते तशी. एका बाजूने काजळी धरलेली.

मी ती धरून पाहिली. कुठे फुटली असेल, जोडली असेल, म्हणून फिरवून फिरवून पाहिली. खिशातलं भिंग काढून पाहिली. सांधा नव्हता. चीर नव्हती. अख्खी होती.

रात्रभर जयवंत दाराकडे तोंड करून बसला होता. खिडकी त्याच्या पाठीमागे होती.

मी हात काढून घेतला. बांगडी गजावरून हळूहळू खाली घसरली आणि चौकटीवर टेकली.